गळका गमबूट

मृगाचा पाऊस पडला की भातशेतीच्या मुलखात कामाची एकच घाई उडते. नांगरणी झाली की चिखलणी, चिखलणी झाली की लावणी. एका कामातून दुसरे काम निघते. डोक्यावर इरले असते, नाहीतर प्लास्टिकचा कागद असतो. डोके कोरडे राहते. पण पायांचे काय? पाय चार महिने पाण्यातच असतात.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. घरी थोडी भातशेती आहे. गोठ्यात दुभती जनावरे आहेत. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी त्या लंगडत लंगडत वर्गात आल्या.

"काय झालं मावशी? पाय मुरगळला काय?"

"नाही गुरुजी. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात. चालवत नाही."

"अहो, पण तुमच्याकडे तर गमबूट आहेत ना?"

"आहेत नि नाहीत सारखेच! उजवा गळतो. घातला की घटकाभरात मोजा ओला. दिवसभर पाय आपला पाण्यात. शेवटी दिला फेकून उकिरड्यावर."

आम्ही म्हटले, "उद्या तो बूट घेऊन या. त्याचाच धडा करू."

दुसऱ्या दिवशी मावशींनी बूट धुऊन आणला. तोच धडा आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत. त्यात आमचीही एक चूक झाली. तीसुद्धा सांगणार आहोत.

गळक्या बुटाने काय बिघडते?

कोणी म्हणेल, "थोडे पाणी शिरले तर काय झाले? आमचे आजे-पणजे अनवाणीच राबले."

खरे आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. अनवाणी पाय ओला होतो, तसा वाळतोही. बांधावर बसले की वारा लागतो. गळक्या बुटातला पाय मात्र वाळत नाही. पाणी आत कोंडते. कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मऊ होते. मऊ कातडी लवकर फाटते. मग चिखल्या होतात. साधा ओरखडासुद्धा चिघळतो.

याहून मोठी भीती आहे ती लेप्टोची. डॉक्टर त्याला लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. या रोगाचे जंतू उंदीर, घुशी, गाई-म्हशी, कुत्री यांच्या मुतातून बाहेर पडतात. ते पाण्यात आणि ओल्या चिखलात जिवंत राहतात. पायाला जखम असली, किंवा कातडी भिजून मऊ झाली असली, की तेथून ते अंगात शिरतात. काही दिवसांनी एकाएकी ताप भरतो. डोके दुखते. अंग ठणकते, पोटऱ्या फार दुखतात. कोणाचे डोळे लाल होतात. रोग बळावला तर कावीळ होते, मूत्रपिंडे बिघडतात, माणूस दगावतोही.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी महापूर आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोक कमरेएवढ्या घाण पाण्यातून चालत घरी गेले. त्यानंतर तेथे लेप्टोची साथ पसरली. कोकणातल्या भातशेतीच्या भागातही पावसाळ्यात या रोगाचे रुग्ण आढळतात. वेळेवर औषध मिळाले तर रोगी बरा होतो. म्हणून पावसाळ्यात ताप आला तर अंगावर काढू नका. दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी चिखलात, गोठ्यात काम करतो." एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांचे काम सोपे होते.

तेव्हा बुटाचे भोक लहान असले तरी गोष्ट लहान नाही. धड बूट पायाचे काट्यापासून, धसकटापासून आणि घाण पाण्यापासून रक्षण करतो. साप बहुधा पायालाच चावतो. जाड बुटामुळे तो धोकाही कमी होतो. साफ टळतो असे मात्र समजू नका.

डिंकाचा बूट

या बुटाला गमबूट का म्हणतात, ठाऊक आहे? 'गम' म्हणजे डिंक. रबर हा झाडाचा चीकच आहे. आपल्याकडे केरळात रबराचे मोठमोठे मळे आहेत. झाडाच्या सालीला तिरपी चीर देतात. दुधासारखा चीक ठिबकतो. तो गोठवून रबर करतात.

नुसत्या चिकाचे रबर मात्र फार उपयोगी नसते. उन्हाळ्यात ते चिकट होते आणि थंडीत कडक होऊन तडकते. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाचा एक खटपट्या माणूस होता. रबरात गंधक मिसळून ते तापवले तर रबर टिकाऊ होते, असे त्याला १८३९ साली आढळले. मग रबराचे बूट करता येऊ लागले. फ्रान्समध्ये १८५३ साली असा एक कारखाना निघाला. तिकडचे शेतकरी तोवर लाकडी खडावा घालून शेतात जात. त्यांना हे बूट फार आवडले. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, सैनिक महिनोन्‌महिने पाण्याने भरलेल्या खंदकांत उभे असत. त्यांचे पाय सडू लागले. तेव्हा इंग्रज सरकारने दहा लाखांहून अधिक जोड रबरी बूट करवून घेतले. पाय कोरडा ठेवणे किती महत्त्वाचे, हे त्यांना असे अनुभवाने कळले.

थंड देशांत पाण्यात उभे राहून बदकांची शिकार करणारे आणि गळाने मासे धरणारे लोक छातीपर्यंत येणारे बूट घालतात. बूट आणि विजार एकच. आपल्याकडे तशी शिकार आता करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या प्राण्या-पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. पण त्या लोकांची एक सवय घेण्यासारखी आहे. शिकारीचा मोसम सुरू होण्याआधीच ते बूट तपासतात. गळत असेल तर घरी बसून दुरुस्त करतात. आपणही रोहिणीच्या कोरड्या दिवसांत हे काम उरकावे. पाऊस लागल्यावर बूट धड वाळतही नाही.

खरेच गळतो का?

आधी याची खात्री करून घ्या. कारण मोजा ओला झाला म्हणजे बूट गळतोच असे नाही. रबरातून वारा जात नाही. त्यामुळे पायाचा घाम आतच साठतो.

परीक्षा सोपी आहे. बूट पुरता वाळवा. कोरडा मोजा घाला. मग पाण्यात न जाता अंगणात तासभर काम करा. मोजा सगळीकडे सारखा दमट झाला तर तो घाम. त्याला ठिगळ लावून काय होणार? दुपारी मोजा बदलला की झाले. पण मोजा कोरडा राहिला, आणि पाण्यात गेल्यावर मात्र एके ठिकाणी भिजू लागला, तर बूट गळतो आहे.

भोक कसे शोधावे?

मोठी फाट डोळ्यांना दिसते. बारीक भोक दिसत नाही. त्यासाठी तीन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती विजेरीची. अंधाऱ्या खोलीत जा. बुटात विजेरी पेटवून ठेवा आणि बूट बाहेरून हळूहळू वाकवून पाहा. भोकातून उजेडाचा ठिपका दिसेल. बुटाला आतून कापडाचे अस्तर असेल तर मात्र ही युक्ती नीट चालत नाही.

दुसरी युक्ती सायकलवाल्याची. बुटाचे तोंड घट्ट गुंडाळा, म्हणजे आत हवा कोंडेल. मग बूट पाण्याच्या बादलीत बुडवून दाबा. जेथून बुडबुडे येतील तेथे भोक आहे.

तिसरी युक्ती सर्वांत साधी. बूट बाहेरून पुसून कोरडा करा. आत काठोकाठ पाणी भरा आणि जुन्या वर्तमानपत्रावर उभा करा. थोड्या वेळाने कोठून पाणी झिरपते ते पाहा.

भोक सापडले की लगेच खडूने किंवा बॉलपेनने त्याभोवती गोल काढा. बूट वाळल्यावर ते पुन्हा दिसणार नाही.

अस्तराच्या बुटात आणखी एक गंमत होते. पाणी शिरते घोट्याजवळ, पण ते अस्तरातून खाली उतरते आणि बोटे भिजतात. आपण बोटांकडे भोक शोधत बसतो! म्हणून सगळा बूट तपासा. विशेषतः दोन जागा पाहा. एक म्हणजे पाऊल वाकते तेथली घडी. दुसरी म्हणजे तळ आणि वरचा भाग जेथे जुळतात तो सांधा. बूट बहुतेक याच ठिकाणी गळतो. विळ्याचे आणि धसकटाचे घाव मात्र कोठेही असतात.

ठिगळ कसे लावावे?

सायकलचे पंक्चर काढताना तुम्ही पाहिलेच असेल. काम तसेच आहे. सामानही तेच: काचकागद, सोल्युशनची नळी, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा दुकानातले तयार ठिगळ.

१. बूट साबणाने धुवा. आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. बोळे ओले झाले की बदला. अस्तराचा बूट वाळायला दोन दिवसही लागतात. चुलीजवळ ठेवू नका. ओल्या जागी ठिगळ कधीच टिकत नाही.

२. ठिगळ कापा. ते भोकाच्या चारी बाजूंनी अंगठ्याच्या रुंदीएवढे मोठे हवे. कोपरे गोल करा. टोकदार कोपरा चालताना घासतो आणि तेथूनच ठिगळ सुटू लागते.

३. बुटाची तेवढी जागा आणि ठिगळाची आतली बाजू काचकागदाने घासा. चकाकी गेली पाहिजे. मग भुकटी पुसून टाका. त्यावर बोट लावू नका. बोटाला घाम असतो, तेल असते.

४. दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात द्या आणि थांबा. हीच खरी परीक्षा! सोल्युशन ओले असताना ठिगळ चिकटवण्याची घाई बहुतेक सगळे करतात. पाच-दहा मिनिटे थांबा. कडेला बोट टेकवून पाहा. बोटाला काही लागले नाही तर ते वाळले. बुटाला आणखी एक हात द्या. तोही वाळू द्या.

५. आता ठिगळ मधोमध ठेवा आणि मधून कडांकडे दाबत जा. हवा राहता कामा नये. बुटात लाकडाचा ठोकळा धरा आणि वरून हातोडीने हलके ठोका. मग वजन ठेवून रात्रभर तसेच राहू द्या.

घोट्याच्या घडीवर जाड, कडक ठिगळ लावू नका. तेथे पातळ, ताणणारे रबर हवे. लांब फाट असेल तर सुई-दोऱ्याने शिवू नका. सुईचे प्रत्येक भोक म्हणजे नवी गळती. फाटीच्या कडा जुळवा आणि बाहेरून ठिगळ लावा. अस्तर नसेल तर आतूनही एक लावा.

एक इशारा. सोल्युशन भडकन पेटते. त्याच्या वासाने डोके गरगरते. म्हणून काम ओटीवर, मोकळ्या हवेत करा. जवळ विडी, चूल, दिवा नको. नळी मुलांच्या हाती देऊ नका.

आमची चूक

आम्ही सगळ्या वर्गासमोर मावशींच्या बुटाला असेच ठिगळ लावले. काम झकास दिसत होते. मंडळी खूश झाली. मावशी बूट घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या. बूट पालथा करून त्यांनी पाणी ओतले आणि ठिगळ आमच्या हातावर ठेवले.

"गुरुजी, तुमचं ठिगळ पोहायला लागलं!"

वर्ग हसला. आम्ही ओशाळलो. सोल्युशन वाळू दिले होते. जागा घासली होती. मग चुकले कोठे?

मावशी बूट हातात फिरवीत बसल्या होत्या. थोड्या दिवसांपूर्वीच आम्ही वर्गात इंग्रजी अक्षरे शिकवली होती. गाडीवरची पाटी वाचता यावी, एवढाच हेतू होता. मावशी तळव्यावरची अक्षरे बोटाने चाचपीत एकदम म्हणाल्या, "पी... व्ही... सी. गुरुजी, म्हणजे काय हो?"

आम्ही कपाळावर हात मारला. पीव्हीसी म्हणजे एका जातीचे प्लास्टिक! पाण्याचे नळ ज्याचे करतात त्याचेच मऊ रूप. हल्ली बाजारातले पुष्कळसे स्वस्त गमबूट रबराचे नसतातच, पीव्हीसीचे असतात. दिसायला सारखे, नावही गमबूटच. पण सायकलचे सोल्युशन रबराला धरते, पीव्हीसीला धरत नाही. आम्ही शिकवणारे, पण बुटावरची तीन अक्षरे वाचायची राहिलो. मावशींनी ती वाचली.

रबर की प्लास्टिक?

तेव्हा कामाला हात घालण्यापूर्वी हे ओळखा. आधी तळवा आणि आतली बाजू पाहा. तेथे पीव्हीसी छापले असेल तर प्रश्न मिटला. काही छापलेले नसेल तर बुटाच्या वरच्या काठाला, आतून, तापलेली सुई टेकवा. पीव्हीसी असेल तर वितळून सुई आत जाते. रबर वितळत नाही, करपते. जळक्या टायरसारखा वास येतो. हे उघड्यावर करा आणि धूर हुंगू नका. पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

पीव्हीसीच्या बुटाला ठिगळही पीव्हीसीचेच हवे. जुन्या फाटक्या बुटाचा तुकडा चालतो. चिकटवायला मऊ पीव्हीसीला धरणारा चिकटा हवा. चांभारदादांना विचारा. त्यांच्याकडे चपलांचे तळ चिकटवायला पीयू नावाचा चिकटा असतो, तो पीव्हीसीला धरतो. नेहमीचा पिवळा चिकटा आज धरेल, पण पुढे प्लास्टिकातले तेल उतरून तो मऊ पडतो आणि सुटतो. घासणे, पुसणे, वाळू देणे, दाबणे ही कामे रबरासारखीच. किती वेळ थांबायचे ते डब्यावर लिहिलेले असते. ते वाचा. आम्ही वाचले नाही, म्हणून फसलो!

काय करू नये?

पाण्याच्या नळांचे सांधे जोडायचे सोल्युशन बुटाच्या घडीला लावू नका. ते वाळल्यावर कडक होते आणि पाऊल वाकले की तडकते. एका क्षणात चिकटणाऱ्या गोंदाचेही तसेच. डांबर तापवून ओतू नका. हात भाजतो आणि बूटही बिघडतो. चिकटपट्टी ही घरी पोचेपर्यंतची सोय. ती दुरुस्ती नव्हे.

आणि प्रत्येक बूट दुरुस्त होतोच असे नाही. एक भोक असेल, एक फाट असेल, तर जरूर ठिगळ लावा. पण सगळ्या बुटाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्या असतील, वाकवल्यावर त्या तोंड उघडत असतील, तर रबर म्हातारे झाले. त्याला ठिगळ लावणे म्हणजे कुजक्या धोतराला ठिगळ लावणे. घोट्याखाली कापून त्याची अंगणात घालायची चप्पल करा. वरचा भाग ठिगळांसाठी जपून ठेवा. पीव्हीसीचा असेल तर चुलीत मात्र घालू नका.

बुटाची निगा

ऊन हा रबराचा शत्रू आहे. बूट धुऊन सावलीत वाळवा. रॉकेल, डिझेल, तेल लागले तर लगेच साबणाने धुवा. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. बूट दुमडून ठेवू नका, घडीवरच चीर पडते. दोन खुंट्या ठोका आणि बूट पालथे टांगा. घालण्यापूर्वी रोज झटका. आत विंचू असू शकतो.

चिखलात बूट रुतला तर जोराने उपसू नका. सांधा सुटतो. आधी टाच हलवून मोकळी करा, मग पाऊल उचला. खोल चिखलात लावणी करताना बूट नीट चालत नाही, हे आम्हीही जाणतो. तेव्हा तेथे बळजबरी नको. पण गोठा साफ करताना, शेणखत उचलताना, गटार उपसताना, बांधावरून जाताना बूट असू द्या. आणि बुटाच्या उंचीपेक्षा खोल, वाहत्या पाण्यात शिरू नका. बुटात पाणी भरले की पाय उचलत नाही.

बूट घातला तरी संध्याकाळी पाय साबणाने धुवा. बेचक्या कोरड्या करा. जखम असेल तर ती झाकूनच कामाला जा. साथीच्या दिवसांत सरकारी दवाखान्यात लेप्टो टाळण्याच्या गोळ्या देतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मावशींचा बूट

पुढे मावशींनी तो बूट चांभारदादांकडे नेला. त्यांना स्वतःच सांगितले, "दादा, हा पीव्हीसीचा आहे. त्याचा चिकटा लावा." दादांनी दुसऱ्या बुटाचा तुकडा लावून दिला. दिवाळीपर्यंत तो बूट टिकला. चिखल्याही बऱ्या झाल्या.

परवा मावशी वर्गात म्हणाल्या, "गुरुजी, पूर्वी मला वाटे, वाचायला येऊन शेतात काय उपयोग? आता वाटतं, ती तीन अक्षरं आली म्हणून माझा पाय वाचला."

आम्ही यावर काय बोलणार? आम्ही गुपचूप आमचे स्वतःचे गमबूट पालथे केले आणि तळव्यावर काय लिहिले आहे ते वाचू लागलो.

सांगा पाहू

१. मोजा घामाने ओला झाला की गळतीने, हे कसे ओळखाल?
२. सोल्युशन लावल्यावर लगेच ठिगळ का चिकटवू नये?
३. ठिगळाचे कोपरे गोल का करतात?
४. मावशींच्या बुटाचे पहिले ठिगळ का सुटले?
५. तुमच्या घरी गमबूट असतील तर तळव्यावर काय लिहिले आहे, ते वाचून उद्या वर्गात सांगा.